वारसा की वार? जुळी भावंडे आणि रक्ताचा कर्करोग

धागाकर्ता: भीमातीर

माझ्या धाकट्या बहिणीला साडेचार वर्षांच्या जुळ्या मुली आहेत, दोघी हुबेहूब सारख्या. गेल्या पौषात त्यांतल्या थोरलीला, म्हणजे अकरा मिनिटांनी थोरलीला, सतत ताप येऊ लागला, पायांवर काळेनिळे डाग उठू लागले आणि तपासणीत तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया निघाला, ज्याला रुग्णालयात सगळे नुसते 'एएलएल' म्हणतात. उपचारांचा पहिला टप्पा पार पडला असून अस्थिमज्जेत सध्या रोगपेशी दिसत नाहीत. तेव्हा हा धागा मी धीर मागण्यासाठी काढलेला नाही, मला एक प्रश्न पडला आहे.

निदान झाल्यावर घरात पहिली चर्चा झाली ती कुळाची. आमचे आजोबा एकाहत्तराव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने गेले होते, हे कुणीतरी उकरून काढले. त्यातच मुलीच्या अहवालात 'ईटीव्ही६-आरयूएनएक्स१ जनुकसंयोग' अशी ओळ होती. जनुक हा शब्द दिसताच "म्हणजे माहेरकडूनच आले" असा निकाल माझ्या बहिणीच्या तोंडावर लागला. उपचार करणाऱ्या डॉक्टर बाईंनी मात्र घराण्याचा इतिहास दोन ओळींत लिहून घेतला आणि लगेच विचारले, "गरोदरपणातली तिसऱ्या महिन्याची सोनोग्राफी जपून ठेवली आहे का? वार (प्लासेंटा) एक होती की दोन?" आमच्यापैकी कुणालाच उत्तर देता आले नाही.

त्या प्रश्नाचा अर्थ लावण्यासाठी वाचायला घेतले, तर गोंधळ वाढला. डेन्मार्क, स्वीडन, फिनलंड आणि नॉर्वे येथील जुळ्यांच्या नोंदण्या एकत्र करून २०२१ साली रक्ताच्या कर्करोगांवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ३,१६,३९७ व्यक्ती होत्या. रक्ताचा कोणताही कर्करोग आयुष्यभरात होण्याची शक्यता सर्वसाधारणपणे २.५ टक्के असते. द्विबीज (दोन वेगळ्या बीजांडांतून झालेल्या) जुळ्या भावंडाला तो झालेला असल्यास ती ४.५ टक्के होते आणि एकबीज (एकाच बीजांडातून झालेल्या, हुबेहूब) भावंडाला झालेला असल्यास ७.६ टक्के, असे त्यात आढळले. आनुवंशिकतेचा वाटा अवघा २४ टक्के निघाला. दुसरीकडे असेही वाचले की, एकबीज जुळ्यांपैकी एकाला तान्हेपणी ल्युकेमिया झाला तर दुसऱ्यालाही तो जवळजवळ हमखास होतो. ७.६ टक्के आणि जवळजवळ शंभर टक्के, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात?

सूक्ष्मदर्शी

भीमातीर, आपल्या डॉक्टर बाईंनी नेमक्या जागी बोट ठेवले आहे. रक्ताच्या काचपट्ट्या तपासण्यात माझा दिवस जातो, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

एकबीज जुळ्यांच्या सुमारे दोनतृतीयांश जोड्यांना गर्भाशयात एकच वार असते आणि अशा वारेत दोन्ही बाळांच्या रक्तवाहिन्या बहुधा एकमेकींना जोडलेल्या असतात. एका बाळाच्या रक्तपेशी त्या वाटेने दुसऱ्याच्या अंगात जातात आणि तिथेच मुक्काम करतात. दुसऱ्या बाळाचे शरीर त्यांना हुसकावून लावत नाही, कारण जनुकांच्या दृष्टीने त्या परक्या नसतातच. एका बाळात तयार झालेली बिघडलेली पेशी अशा रीतीने दुसऱ्यात पोहोचत असावी, अशी कल्पना क्लार्कसन आणि बॉइस या अमेरिकी संशोधकांनी १९७१ साली मांडली होती, पण ती पडताळून पाहण्याचे साधन तेव्हा नव्हते.

ते साधन जनुकशास्त्राने दिले. लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ कॅन्सर रिसर्चमध्ये मेल ग्रीव्ह्ज आणि अँथनी फोर्ड यांच्या गटाने १९९३ साली ल्युकेमिया झालेल्या तान्ह्या जुळ्यांच्या पेशींतील एमएलएल हे तुटलेले जनुक तपासले. हे जनुक हजारो अक्षरांच्या पट्ट्यात कुठेही तुटू शकते, त्यामुळे प्रत्येक रुग्णात तुटण्याची जागा वेगळी असते. जोडीतल्या दोन्ही बाळांत मात्र ती तंतोतंत एकच निघाली. पोथ्यांचा अभ्यास करणाऱ्यांना यातले मर्म लगेच कळेल. दोन हस्तलिखितांत एकाच ओवीतले एकच अक्षर एकाच तऱ्हेने चुकलेले सापडले, तर दोन लेखनिक स्वतंत्रपणे चुकले असे कुणी मानत नाही, दोन्ही प्रती एकाच चुकलेल्या प्रतीवरून उतरल्या असे मानतात. आणि ही चूक आईवडिलांच्या पेशींत नव्हती, मुलांच्या इतर पेशींतही नव्हती. ती गर्भात, एका बाळाच्या एका पेशीत घडली होती. एका वाफ्यातले बी पाटाच्या पाण्याबरोबर शेजारच्या वाफ्यात गेले, असे फार तर म्हणता येईल. त्याला वारसा म्हणता येणार नाही.

आपल्या भाचीच्या अहवालातला संयोगही याच जातीचा आहे. बाराव्या आणि एकविसाव्या गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांत अदलाबदल होऊन तो बनतो. पूर्वी त्यालाच टीईएल-एएमएल१ म्हणत. तो रोगपेशींचा गुण आहे, घराण्याचा नव्हे. ही ओळ समजावून न सांगता अहवाल नातेवाइकांच्या हाती दिला की जनुक या शब्दाचा अर्थ हटकून वारसा असा घेतला जातो, आणि हे मी अनेकदा पाहिले आहे.

भीमातीर

सविस्तर उत्तराबद्दल मनःपूर्वक आभार. आपला प्रतिसाद मी बहिणीला जसाच्या तसा वाचून दाखवला. पण आता तिचा प्रश्न अधिक टोकदार झाला आहे. बी शेजारच्या वाफ्यात गेले असेल, तर धाकटीच्या अंगात ते आजही आहे का?

सूक्ष्मदर्शी

वार एक असेल, तर असण्याची शक्यता बरीच आहे, पण बी असणे आणि रोप उगवणे यांत पुष्कळ अंतर आहे.

तान्हेपणीच्या ल्युकेमियात एमएलएलचा बिघाड बहुधा एकटाच पुरेसा ठरतो, म्हणून एक वार असलेल्या जोडीत दुसरे बाळ सहसा सुटत नाही. दोन ते सहा वर्षांच्या मुलांत होणाऱ्या एएलएलमध्ये तसे नसते. तिथे एकबीज जुळ्यांपैकी दुसऱ्यालाही रोग होण्याचे प्रमाण साधारण दहा ते पंधरा टक्के सांगितले जाते, कारण गर्भात झालेला पहिला बिघाड पुरत नाही. जन्मानंतर त्याच पेशीकुळात आणखी बिघाड व्हावे लागतात आणि ते दोन मुलांत स्वतंत्रपणे होतात किंवा होतच नाहीत. ग्रीव्ह्ज यांच्या गटाने १९९८ साली वर्णन केलेल्या एका जोडीत एकीला साडेतीन वर्षांची असताना आणि दुसरीला चार वर्षे दहा महिन्यांची असताना रोग झाला. दुसऱ्या एका जोडीत एका भावंडाचे निदान पाचव्या वर्षी झाले आणि दुसऱ्याचे चौदाव्या. तुटण्याची जागा दोघांत एकच होती, म्हणजे आरंभ गर्भातलाच, आणि तरीही नऊ वर्षांचे अंतर पडले.

आपल्या बहिणीच्या प्रश्नाशी सर्वांत जवळचा अभ्यास २००८ सालचा आहे. ऑक्सफर्डचे तारिक एन्व्हर आणि ग्रीव्ह्ज यांनी अशीच एक जोडी अभ्यासली, जिच्यातल्या एकीला ल्युकेमिया होता आणि दुसरी निरोगी होती. निरोगी मुलीच्या रक्तात तोच संयोग असलेल्या थोड्या पेशी सापडल्या. त्या ल्युकेमियाच्या पेशी नव्हत्या, त्याआधीच्या पायरीवरच्या होत्या. ल्युकेमियापूर्व पेशी जिवंत माणसात वेगळी करून दाखवणे या जोडीमुळे शक्य झाले. रुग्णात ती सापडत नाही, कारण तोवर रोगपेशींनी सारे रान व्यापलेले असते.

धाकटीची कोणती तपासणी करायची आणि किती काळ करायची, हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवावे. इथून कुणी सल्ला देणे योग्य होणार नाही.

चांदणचुरा

एक शंका आहे. जुळे नसलेल्या मुलांतही आरंभ गर्भातच होतो का? की ही जुळ्यांचीच गोष्ट आहे?

सूक्ष्मदर्शी

जुळ्यांनी वाट दाखवली आणि पुढची पडताळणी एकट्या जन्मलेल्या मुलांत झाली. ब्रिटनमध्ये नवजात बाळांच्या टाचेतून घेतलेले रक्ताचे थेंब तपासणीसाठी कागदावर टिपतात आणि ते कागद अनेक वर्षे जपून ठेवले जातात. पुढे ल्युकेमिया झालेल्या मुलांचे असे जुने कागद काढून पाहिले, तर कित्येकांच्या नवजात अवस्थेतल्या रक्तात तोच संयोग मिळाला. २००२ साली नाळेच्या रक्ताच्या तपासणीत असे दिसले की निरोगी बाळांपैकी सुमारे एक टक्का बाळांत टीईएल-एएमएल१ संयोग असतो. २०१८ साली वेगळ्या पद्धतीने केलेल्या मोजणीत हे प्रमाण पाच टक्के निघाले. कोणताही आकडा घेतला तरी बी बाळगणाऱ्या शंभरांतल्या एखाद्यालाच, किंवा त्याहूनही कमी मुलांना, रोग होतो.

पुढचा बिघाड कशाने होतो, याबद्दल ग्रीव्ह्ज यांचे मत असे आहे की पहिल्या वर्षात जंतूंशी पुरेसा परिचय न झालेल्या बाळाला नंतर एखादा साधा संसर्ग झाला, तर त्याची प्रतिकारयंत्रणा अवाजवी उसळते आणि त्या धामधुमीत पेशींची मोडतोड होते. मला हे मत पटते, पण ते अजून वादापलीकडे गेलेले नाही.

आकडेमोडे

धागाकर्त्यांच्या मूळ कोड्याकडे वळतो, कारण ते संख्याशास्त्राचे आहे आणि त्याला उत्तर आहे.

पहिली गोष्ट म्हणजे नॉर्डिक, म्हणजे डेन्मार्क-स्वीडनकडचे, आकडे कुणाचे आहेत ते पाहावे. डेन्मार्कची जुळ्यांची नोंदणी १९५४ साली सुरू झाली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जन्मलेल्यांपैकी सहा वर्षांच्या वयापर्यंत दोघेही जगलेल्या जोड्याच तिच्यात घेतल्या गेल्या. तिथली कर्करोगाची नोंद १९४३ पासूनची आहे, स्वीडनची १९५८ पासूनची. त्या काळात तान्हेपणी ल्युकेमिया झालेले मूल वाचत नसे. तेव्हा जिथे वारेचा प्रभाव सर्वांत प्रबळ, ती वयाची पहिली पाचसहा वर्षे अशा नोंदणीत जवळजवळ नाहीतच. त्या अभ्यासातील ३,४५९ रुग्ण बहुतांशी प्रौढ आणि वृद्ध आहेत. ७.६ टक्के हा आयुष्यभराचा, सर्व प्रकारच्या रक्तकर्करोगांचा एकत्र आकडा आहे, तर जवळजवळ शंभर टक्के हा आयुष्याच्या पहिल्या वर्षाचा, एका प्रकारचा आणि एकाच वारेचा आकडा आहे. दोन्ही खरे आहेत, कारण ते दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत.

दुसरी गोष्ट २४ टक्क्यांची. हा आकडा अनेकजण "मला हा रोग वारशाने होण्याची शक्यता २४ टक्के" असा वाचतात आणि घाबरतात. त्याचा अर्थ एवढाच की एका विशिष्ट लोकसंख्येत माणसामाणसांत रोगप्रवणतेचा जो फरक दिसतो, त्यातला सुमारे चौथा हिस्सा जनुकांतील फरकाकडे बोट दाखवतो. व्यक्तीसाठी उपयोगाचा आकडा निराळाच आहे. एकबीज भावंडाला रक्ताचा कर्करोग झालेल्या हजार जणांपैकी ९२४ जणांना तो आयुष्यात कधीच होत नाही.

तिसरी गोष्ट मला सर्वांत रोचक वाटते. त्याच अभ्यासात चाळिशीपर्यंत आनुवंशिकतेचा वाटा सुमारे ५५ टक्के आहे आणि पंचावन्ननंतर तो २० ते २५ टक्क्यांवर येऊन स्थिरावतो. सर्वसाधारण अर्थ असा की तरुणपणीच्या रोगात घराण्याचा हात अधिक आणि उतारवयातल्या रोगात कालगतीचा. पण जुळ्यांच्या साऱ्या हिशेबाचा पाया एका गृहीतावर आहे, ते म्हणजे एकबीज आणि द्विबीज जोड्यांना मिळणारे वातावरण सारखेच असते. गर्भाशय हेही वातावरणच आहे आणि तिथे हे गृहीत कोसळते. द्विबीज बाळांना दोन स्वतंत्र वारा असतात, एकबीज जोड्यांपैकी बहुतेकांना एकच. वारेमुळे आलेले साम्य या हिशेबात आपोआप जनुकांच्या खात्यावर जमा होते. म्हणून ५५ मधला काही हिस्सा जनुकांचा नसून वारेचा असावा, असा माझा अंदाज आहे. एक वार असलेल्या आणि दोन वारा असलेल्या एकबीज जोड्यांची आपसांत तुलना केली, तर हे तपासता येईल. मात्र या नोंदण्यांत एकबीज कोण हे बहुतांशी "लहानपणी लोक तुम्हां दोघांत गफलत करत का?" अशा प्रश्नावलीवरून ठरवलेले आहे. वारेची आठवण त्या माणसांना कुठून असणार?

पळसपान

आकडेमोडे यांच्या तिसऱ्या मुद्द्याशी मी पूर्णपणे सहमत नाही. तरुणपणीच्या आकड्यात हॉजकिन लिम्फोमाचा (लसिकाग्रंथींच्या एका कर्करोगाचा) वाटा मोठा असणार आणि तिथे वारेचा काही संबंध दिसत नाही. हा आजार मला सव्विसाव्या वर्षी झाला होता, त्यामुळे या विषयावर जे हाती येते ते मी वाचत असतो.

लॉस एंजेलिसचे थॉमस मॅक यांनी १९९५ साली हॉजकिन झालेल्या जुळ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकबीज १७९ जोड्यांपैकी १० जोड्यांत दुसऱ्यालाही रोग झाला, द्विबीज १८७ जोड्यांपैकी एकीतही नाही. एकबीज भावंडाचा धोका सर्वसाधारण लोकसंख्येच्या सुमारे ९९ पट निघाला. पटींच्या भाषेने दचकायला होते, पण मूळ धोकाच इतका लहान आहे की १७९ पैकी १६९ जोड्यांत दुसरे भावंड त्या काळात सुटले होते. माझ्या भावाला, तो जुळा नव्हे, तेव्हा कुणीतरी पटींचा आकडा सांगितला होता आणि तो बिचारा वर्षभर आरशासमोर उभा राहून मान चाचपत होता.

त्याच परंपरेत वेंडी कोझेन यांनी उलट बाजूने विचार केला. जोडीतल्या एकालाच हॉजकिन झाला असेल, तर जनुके सारखी असूनही दुसरा का वाचला? त्यांना असे आढळले की लहानपणी उष्टेमाष्टे खाणे, वस्तू तोंडात घालणे अशा सवयी निरोगी भावंडाला अधिक होत्या. म्हणजे ज्या जोडीत फरक पडला, तीही तितकीच शिकवून जाते.

आकडेमोडे

पळसपान, आपला आक्षेप मान्य आहे. हॉजकिनपुरते माझे विधान मी मागे घेतो. ल्युकेमियापुरते मात्र ठेवतो.

सूक्ष्मदर्शी

ल्युकेमियाच्या सख्ख्या नात्यातल्या एका रोगाचा दाखला आकडेमोडे यांच्या बाजूने जाईल. २०२२ साली एका एकबीज जोडीचे वर्णन प्रसिद्ध झाले, ज्यांना अनुक्रमे सदतिसाव्या आणि अडतिसाव्या वर्षी मायलोफायब्रोसिस, म्हणजे अस्थिमज्जेत तंतू साचण्याचा रोग झाला. दोघांतल्या सीएएलआर या जनुकाच्या उत्परिवर्तनाचा, म्हणजे त्यात झालेल्या बदलाचा, माग काढला असता ते गर्भावस्थेतच घडून वारेतून दोघांत गेल्याचे दिसले. बी पस्तीसहून अधिक वर्षे मातीत पडून होते. वारेचा विचार न करणाऱ्या डॉक्टरांनी याला निःशंकपणे आनुवंशिक म्हटले असते.

याउलट अगदी उतारवयात काय होते? डेन्मार्कच्या ७३ ते ९४ वर्षे वयाच्या जुळ्यांच्या रक्तात २०२० साली अशी उत्परिवर्तने शोधली गेली. ती सुमारे ३६ टक्के जणांत सापडली, पण एकबीज जोड्यांतली जुळणी द्विबीज जोड्यांहून ठळकपणे जास्त नव्हती. म्हणजे म्हातारपणी रक्तात जमणारे असे बिघाड बव्हंशी ज्याचे त्याचे असतात.

भीमातीर यांच्या आजोबांबद्दलही लिहिणे भाग आहे, कारण बहिणीवर दोष त्यांच्यामुळे आला. त्यांचा प्रकार कोणता होता हे ठाऊक नाही. तो दीर्घकालीन लिम्फोसायटिक ल्युकेमिया असेल, तर त्या रोगात घराण्याचा प्रभाव खरोखर मोठा आहे. रुग्णाच्या आईवडिलांना, भावंडांना किंवा अपत्यांना तोच रोग होण्याचा धोका सुमारे आठपट मानला जातो. पण तो रोग वेगळा आणि लहान मुलांचा एएलएल वेगळा. शिवाय पणजोबांकडून पणतीकडे सरासरी आठवा हिस्सा जनुके येतात.

खरोखर वारशाने येणारे प्रकारही आहेत, हे सांगितले नाही तर चित्र एकांगी होईल. आरयूएनएक्स१, गाटा२, डीडीएक्स४१ या जनुकांतील जन्मजात दोष काही घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालतो. गंमत अशी की आपल्या अहवालातले ईटीव्ही६ हेही त्यांत आहे. त्याचा जन्मजात दोष असलेली घराणी २०१५ साली वर्णन केली गेली, त्यांच्यात प्लेटलेटही कमी असतात. नाव तेच असले तरी घराण्यात चालणारा दोष शरीराच्या प्रत्येक पेशीत असतो, तर गर्भात बनलेला संयोग फक्त एका पेशीकुळात. आपल्या डॉक्टरांनी घराण्याच्या इतिहासाच्या त्या दोन ओळी याचसाठी लिहून घेतल्या असाव्यात.

चांदणचुरा

उद्या दुर्दैवाने अस्थिमज्जा बदलण्याची वेळ आली, तर जुळी बहीण हीच सर्वांत उत्तम दाता ठरेल, असे समजावे का?

सूक्ष्मदर्शी

वाटते तसे, पण नाही. डोनाल थॉमस यांनी १९५९ साली ल्युकेमियाच्या दोन रुग्णांना भारी किरणोत्सर्ग देऊन त्यांच्या एकबीज भावंडांची मज्जा दिली. मज्जा रुजली, पण काही महिन्यांत रोग परतला. परक्या दात्याच्या पेशी उरलेल्या रोगपेशींना शत्रू समजून मारतात, जुळ्याच्या पेशी त्यांना आपल्याच मानतात, म्हणून रोग उलटण्याचे प्रमाण जुळ्याच्या मज्जेनंतर अधिक असते. शिवाय दात्याच्याच मज्जेत ते बी असू शकते. थॉमस यांना १९९० साली नोबेल मिळाले ते जोसेफ मरे यांच्यासोबत. मरे यांनी १९५४ साली केलेले पहिले यशस्वी मूत्रपिंडरोपणही एकबीज जुळ्यांतलेच होते. मूत्रपिंडाला जे साम्य तारते, तेच ल्युकेमियाच्या रुग्णाला अडचणीचे ठरते.

बार्शीलाईट

हे सारे आकडे उत्तर युरोपचे आणि अमेरिकेचे आहेत, म्हणून थोडी खंत नोंदवतो. कर्करोगाची नोंद ठेवण्यात आपण अगदीच मागे नव्हतो. मुंबईची लोकसंख्याधारित नोंदणी १९६०च्या दशकात सुरू झाली आणि आमच्या बार्शीची, देशातली पहिली ग्रामीण नोंदणी, १९८७ साली. नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव फिरून रुग्ण शोधत. पण स्वीडनमध्ये १९४७ पासून आणि डेन्मार्कमध्ये १९६८ पासून प्रत्येक माणसाला जन्मभराचा एक क्रमांक असतो. त्या क्रमांकामुळे जन्माची, जुळेपणाची, कर्करोगाची आणि मृत्यूची नोंद एका ओळीत येते. आपल्याकडे मुलगी लग्न होऊन दुसऱ्या तालुक्यात गेली, नाव आडनाव बदलले, की जुळ्या बहिणींची जोडी कागदावर तुटते.

भीमातीर

सर्वांचे आभार. आपले प्रतिसाद छापून घेतले आणि परवा घरी सर्वांसमोर वाचले. आजोबांच्या विषयावर कुणी काही बोलले नाही. बहिणीच्या सासूबाईंनी मात्र विचारले की त्यांच्या काळी वार पुरून टाकत, तिच्यात एवढे पाहण्यासारखे असते हे कुणाला माहीत होते.

सोनोग्राफी सापडली. लोखंडी कपाटात, बारशाच्या पत्रिकांच्या गठ्ठ्याखाली. बारा आठवडे तीन दिवसांची, कागद पिवळा पडलेला आणि छाप बराच उडालेला, पण दोन बाळांमधला पातळ पडदा वारेला सरळ काटकोनात टेकलेला ओळखू येतो. खाली टंकलेल्या ओळीत 'टी आकाराची खूण, वार एक' असे आहे. ती ओळ आमच्या घरात साडेचार वर्षे पडून होती आणि ती कुणी वाचली नव्हती. डॉक्टर बाईंनी तो कागद उजेडाकडे धरून पाहिला आणि धाकटीच्या रक्ततपासणीसाठी पुढच्या गुरुवारची वेळ दिली. मूळ कागदावरची शाई आणखी उडू नये म्हणून बहिणीने त्याच्या दोन प्रती काढल्या आहेत आणि दोघींच्या फायलींत एकेक लावली आहे.